आयशा वहाब आणि समुद्रापार गेलेली जात

७ ऑक्टोबर २०२३. आपले लोक धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीत होते. कुणी नागपूरच्या गाडीचे आरक्षण बघत होते, कुणी वर्गणी काढून बस ठरवत होते. त्याच दिवशी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एका विधेयकावर नकाराधिकार वापरला. विधेयकाचा क्रमांक एसबी ४०३. नोकरीत, घर भाड्याने देताना, शाळेत आणि धंदा-व्यापारात जातीवरून भेदभाव करणे बेकायदा आहे, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहा, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. दोन्ही सभागृहांनी ते मोठ्या बहुमताने मंजूर केले होते. गव्हर्नरांनी ते 'अनावश्यक' ठरवून परत पाठवले.

आपल्याकडे या बातमीवर दोन-चार दिवस निषेधाचे संदेश फिरले आणि विषय संपला. न्यूसम यांचे नाव सर्वांना कळले. ज्या बाईंनी हे विधेयक मांडले, त्यांचे नाव मात्र दहा कार्यकर्त्यांना विचारा, नऊ जणांना सांगता येणार नाही. त्यांचे नाव आयशा वहाब. त्या दलित नाहीत, भारतीय नाहीत, हिंदूही नाहीत. अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित आईबापाची ही मुलगी. जातीच्या प्रश्नाशी जिचा रक्ताचा काडीचा संबंध नाही, अशी एक बाई आपल्यासाठी सभागृहात उभी राहिली. म्हणून तिची राजकीय वाटचाल आपल्या वाचकांपुढे मांडणे मला गरजेचे वाटते.

वहाब यांचा जन्म न्यूयॉर्कचा. लहानपणीच वडिलांचा खून झाला. पुढे आईही गेली. दोन बहिणी उघड्यावर पडल्या आणि सरकारी देखरेखीखाली परक्या कुटुंबात मुले ठेवण्याची जी पद्धत तिकडे आहे, तिच्यात त्या गेल्या. तिला तिकडे फॉस्टर केअर म्हणतात. अखेर कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंट शहरातल्या एका अफगाण दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. फ्रीमॉंटमध्ये अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे, तिथल्या एका भागाला 'लिटल काबूल' असेच म्हणतात. १९७९ साली सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्यानंतर देशोधडीला लागलेली माणसे इथे येऊन राहिली. बामियानच्या बुद्धमूर्तींचा तो देश. त्या मूर्ती २००१ साली तालिबानने फोडल्या तेव्हा आपण इथे रस्त्यावर उतरलो होतो. पण त्या देशातून परागंदा झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपण फारशी केली नाही.

वहाब यांनी सॅन होजे आणि ईस्ट बे इथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण घेतले. २०१८ साली त्या हेवर्ड शहराच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. अमेरिकेत सार्वजनिक पदावर निवडून आलेल्या पहिल्या अफगाण वंशाच्या महिलांमध्ये त्यांची गणना होते. घरभाडे आणि भाडेकरूंचे हाल हा त्यांचा मुख्य विषय. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या फ्रीमॉंटच्या महापौर लिली मेई यांचा पराभव करून चार वर्षांसाठी राज्य सिनेटवर गेल्या. कॅलिफोर्निया सिनेटच्या त्या पहिल्या मुस्लिम आणि पहिल्या अफगाण सदस्य.

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. कॅलिफोर्नियाची सिनेट म्हणजे वॉशिंग्टनची सिनेट नव्हे. आपल्या विधिमंडळासारखीच तिथे दोन सभागृहे आहेत, ४० सदस्यांची सिनेट आणि ८० सदस्यांची असेंब्ली. फरक इतकाच की सिनेटही थेट जनतेच्या मतांवर निवडली जाते. एका सिनेटरमागे दहा लाखांच्या आसपास लोकसंख्या येते. आणि गव्हर्नर हा आपल्याकडच्या राज्यपालासारखा दिल्लीहून पाठवलेला पाहुणा नसतो, तोही निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. त्यामुळे त्याला मतांची आणि देणग्यांची काळजी असते.

वहाब यांचा मतदारसंघ सिनेटचा दहावा. फ्रीमॉंट, हेवर्ड, सांता क्लारा, सनीव्हेल ही गावे त्यात येतात. आपल्या संगणक अभियंत्यांना ही नावे दादर-ठाण्याइतकी परिचयाची आहेत. सिलिकॉन व्हॅलीतला भारतीय मध्यमवर्ग इथेच राहतो. हा वर्ग श्रीमंत आहे, संघटित आहे, मंदिरे बांधणारा आहे आणि निवडणुकीला पैसा देणारा आहे. अशा मतदारसंघातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या बाईंनी सहा महिन्यांच्या आत, मार्च २०२३ मध्ये, जातिभेदविरोधी विधेयक मांडले. राजकारणातला कोणीही जाणता माणूस त्यांना सांगेल की बाई, हा आत्मघात आहे. या विधेयकाने त्यांची किती मते वाढणार होती? दलित मतदार तिथे मूठभर, आणि त्यातलेही बरेचसे आडनाव लपवून राहणारे.

होय, लपवून. आपली मुले तिकडे आडनाव का लपवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिला प्रश्न 'तुम्ही मूळचे कुठले' आणि दुसरा 'म्हणजे तुम्ही कोण' हा असतो. कार्नेगी संस्थेने २०२१ साली भारतीय अमेरिकनांच्या पाहणीचा अहवाल काढला. त्यात आपली जात मानणाऱ्या हिंदूंपैकी दहात आठांहून अधिक लोकांनी आपण खुल्या किंवा वरच्या जातीचे असल्याचे सांगितले. याच पाहणीत जातीवरून भेदभाव सोसल्याचे सांगणारे पाच टक्के निघाले, आणि विरोधकांनी हा आकडा उचलून धरला. बघा, पाचच टक्के! अहो, ज्या गर्दीत दहातले आठ सवर्ण आहेत, तिथे जातीचा चटका किती जणांना बसणार? पाटलाच्या वाड्यात जाऊन अस्पृश्यता आहे का, असे विचारण्यासारखे हे आहे.

कॅलिफोर्नियात जातीचे प्रताप नवीन नाहीत. बर्कली शहरातल्या एका बड्या भारतीय घरमालकाने आंध्रातल्या आपल्या गावाहून गरीब मुली खोटी नाती दाखवून नेल्या. त्यात दलित मुली होत्या. त्यांच्याकडून काम करून घेतले आणि त्यांचा लैंगिक छळ केला. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच्या मालकीच्या एका घरात विषारी वायूने सतरा वर्षांची एक मुलगी मेली, तेव्हा हे बाहेर आले. २००१ साली त्याला आठ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. गावची सरंजामशाही विमानात बसून आली होती. तिला बर्कलीच्या विद्यापीठाचा शेजारही सुधारू शकला नाही.

मग ३० जून २०२० ला सिस्को कंपनीचा खटला आला. राज्याच्या नागरी हक्क खात्यानेच तो दाखल केला. एका दलित अभियंत्याची जात त्याच्याबरोबर आयआयटीत शिकलेल्या वरिष्ठाने इतरांना सांगितली, तक्रार केल्यावर त्याला कामातून बाजूला टाकले गेले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले, आणि एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन अभियंत्यांवरचा दावा मागे घेऊन तो फक्त कंपनीवर ठेवला, हेही नोंदवले पाहिजे. पण मूळ तक्रारीतला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. या माणसाने कंपनीच्या कर्मचारी विभागाकडे दाद मागितली, तेव्हा जातीवरून भेदभाव करणे बेकायदा नाही, असे त्याला सांगण्यात आले, असे त्या तक्रारीत म्हटले आहे. न्यूसम यांच्या 'अनावश्यक' या शब्दाला याहून दुसरे उत्तर नको.

वहाब यांच्या विधेयकात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. वंशपरंपरेने मिळालेला दर्जा, तो बदलता न येणे, लग्नावर बंधने, वेगळे बसवणे, बहिष्कार, अशी जातीची व्याख्या त्यात केली होती. हे वाचताना बाबासाहेबांची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला पहिला निबंध वाचला आणि रोटी-बेटीबंदीतली बेटीबंदी हे जातीचे मर्म असल्याचे दाखवून दिले. त्याच निबंधात त्यांनी ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा दाखला दिला होता. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे भारतातली जात जगाचा प्रश्न होऊन बसेल, अशा आशयाचे केतकरांचे विधान होते. एका मराठी ब्राह्मणाचे भाकीत, एका मराठी महाराने अमेरिकेत वाचून दाखवलेले. शंभर वर्षांनी त्यावर कायदा मांडणारी बाई काबूलकडची निघाली.

विधेयकाला विरोध करायला हिंदू अमेरिकन फाउंडेशन आणि उत्तर अमेरिकेतील हिंदूंची कोहना ही संघटना पुढे आल्या. जात आता राहिलीच नाही, हा कायदा सगळ्या हिंदूंना गुन्हेगार ठरवील, आमच्या मुलांना शाळेत त्रास होईल, असे त्यांचे म्हणणे. मुलांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. वेगळ्या रंगाच्या मुलाला अमेरिकेतल्या शाळेत काय सोसावे लागते, हे खरे आहे. पण मग त्या मुलाचे संरक्षण करणारा वंशभेदविरोधी कायदा हवा, आणि त्याच वर्गातल्या दलित मुलीचे संरक्षण करणारा नको, हा न्याय कुठला? शिवाय तो कायदा दलितांपुरता नव्हताच. आपला अ‍ॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. तिकडचे कलम सर्वांसाठी होते. एखाद्या ब्राह्मणाला जातीवरून नोकरी नाकारली, तर त्यालाही दाद मागता आली असती.

या मंडळींना इतिहासाची आठवण करून दिली पाहिजे. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले. तेव्हा कायदा असा होता की गोऱ्यांना नागरिकत्व मिळे, काळ्यांना मिळे, आशियाई माणसाला मिळत नसे. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला, की मी उच्च जातीचा, शुद्ध आर्य रक्ताचा, म्हणून मी गोराच. अमेरिकेच्या दरबारात भारतीयांनी ठेवलेले पहिले मोठे कागदपत्र कोणते, तर जातीचा दाखला! फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढे अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. १९४६ साली कायदा बदलला, त्यामुळे दलिपसिंग सौंद यांना १९४९ मध्ये नागरिकत्व मिळाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तरी भारतासाठी दरवर्षी जागा शंभरच होत्या. दार खऱ्या अर्थाने उघडले १९६५ साली. ते कुणी उघडले? सवर्णांच्या गुणवत्तेने नव्हे. काळ्या लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली, १९६४ चा नागरी हक्क कायदा करून घेतला, त्या रेट्यात वंशावर आधारलेला स्थलांतराचा कायदाही मोडला. त्या दारातून जे आत गेले, तेच २०२३ मध्ये सॅक्रामेंटोला नागरी हक्क कायद्यात एक शब्द घालू नका म्हणून रांगा लावत होते.

वहाब यांच्यावर जे येणार होते ते आले. अफगाण मुसलमान बाईने हिंदूंच्या घरात नाक खुपसू नये, असा सूर लागला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची जी तरतूद तिकडे आहे, तिचा वापर करण्याची मोहीम निघाली, ती मतदानापर्यंत पोहोचली नाही. बाई मागे हटल्या नाहीत. ११ मे २०२३ ला सिनेटने ३४ विरुद्ध १ मतांनी विधेयक मंजूर केले.

असेंब्लीत मात्र एक तडजोड झाली, आणि माझ्या मते तीच पुढे अंगलट आली. मूळ विधेयकात जात हा वंश, धर्म, लिंग यांच्या बरोबरीचा स्वतंत्र शब्द होता. जुलैमध्ये समितीत तो 'वंशावळ' या आधीच असलेल्या शब्दाच्या पोटात घातला गेला. विरोध कमी व्हावा म्हणून हे झाले असणार. विधिमंडळात काम करायचे तर तडजोड करावी लागते, वहाब यांना त्यासाठी दोष देणे सोपे आहे, मी देत नाही. पण परिणाम काय झाला? जात जर वंशावळीत आधीच येते, तर नवे विधेयक कशाला, असे म्हणायला गव्हर्नरांना जागा मिळाली. पत्रात त्यांनी नेमके तेच लिहिले. सध्याच्या कायद्यातल्या वर्गांमध्ये जातिभेदाला मनाई आहेच, म्हणून हे अनावश्यक.

आपल्याला हा युक्तिवाद पाठ आहे. १९५० च्या संविधानात कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मग १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा का करावा लागला? तो १९७६ मध्ये कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव का द्यावे लागले? आणि तरीही १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा का लागला? कारण फौजदार, तहसीलदार आणि कंपनीचा साहेब हे कायद्यात जे स्पष्ट लिहिलेले असते तेवढेच वाचतात, आणि पुष्कळदा तेही वाचत नाहीत.

२८ ऑगस्टला असेंब्लीत ५० विरुद्ध ३ मते पडली. ५ सप्टेंबरला सिनेटने दुरुस्त्यांसह ३१ विरुद्ध ५ मतांनी अंतिम मंजुरी दिली. महिनाभर विधेयक गव्हर्नरांकडे पडून राहिले. थेनमोळी सौंदरराजन आणि इतर कार्यकर्ते सॅक्रामेंटोत उपोषणाला बसले. त्यांच्या लढ्याला पंजाबहून गेलेल्या रविदासिया समाजाचे पाठबळ होते. दरम्यान २८ सप्टेंबरला फ्रेस्नो शहराने आपल्या नियमांत जात हा शब्द घातला. त्याआधी २१ फेब्रुवारीला सिएटल शहराने ६ विरुद्ध १ मतांनी तो घातला होता. तिथे ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि ब्राह्मण घरातल्या. म्हणजे एका ठिकाणी ब्राह्मण घरातली समाजवादी बाई, दुसऱ्या ठिकाणी अफगाण निर्वासितांची मुलगी. दोन्ही ठिकाणी लढ्याची जमीन दलित कार्यकर्त्यांनी नांगरली, पण सभागृहात बोलायला आपला माणूस नव्हता.

याबद्दल कुणाला वाईट वाटत असेल तर वाटायलाच हवे. आपली हजारो मुले तिकडे आहेत. आंबेडकर जयंती करतात, विहारे काढतात, गावच्या वसतिगृहाला पैसे पाठवतात. हे चांगलेच आहे. पण स्थानिक शाळा समितीची निवडणूक, नगर परिषदेची बैठक, पक्षाची प्राथमिक फेरी, यांत ती किती आहेत? वहाब यांनी सुरुवात नगर परिषदेतल्या घरभाड्याच्या प्रश्नापासून केली. मेक्सिकन, चिनी, काळा, गोरा अशा सगळ्या भाडेकरूंचे प्रश्न मांडून त्या वर गेल्या, म्हणून जातीचा प्रश्न मांडताना त्यांच्यामागे मते होती. बाबासाहेबांनीही १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो याच हिशेबाने, आणि खोतीविरुद्धच्या लढ्यात कुणबी शेतकरी त्यांच्याबरोबर आले. आपण मात्र जातीच्या सभेत जातीवर बोलतो आणि घरी येतो.

गव्हर्नरांच्या पत्राचा एक उपयोग मात्र करून घेता येईल. जातिभेद आजच्याच कायद्याने बेकायदा आहे, असे राज्याच्या प्रमुखाने सहीनिशी लिहून दिले आहे. यापुढे कॅलिफोर्नियातल्या एखाद्या कंपनीने 'हे बेकायदा नाही' असे सांगितले, तर हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेवता येते. न्यायालय त्याला कायद्याइतके वजन देणार नाही, हे उघड आहे. पण तक्रार नोंदवायला तेवढे पुरे आहे. तिकडच्या आपल्या मंडळींनी त्याची प्रत जवळ ठेवावी.

नकाराधिकारानंतर सातव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक इथे बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. राम सुतारांनी घडवलेला हा पुतळा. शेकडो लोक पावसात उभे होते. आपल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापले, ते योग्यच झाले. सॅक्रामेंटोच्या उपोषणाचा फोटो मला कुठे दिसला नाही.

आता उरला तो हिशेब. कॅलिफोर्नियात नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे सिनेटमध्ये २७ आणि असेंब्लीत ५४. कित्येक दशकांत तिथे असे घडलेले नाही. तरी सिनेटमध्ये वहाब यांच्याकडे ३१ मते होती. असेंब्लीत ५० होती. तिघे विरोधात गेले, आणि उरलेल्यांनी ना होय म्हटले ना नाही. त्या न बोललेल्यांपैकी चार जण कमी पडले.